एकीला ‘खा’, एकीला ‘पुरे’

मला काय नोकरी लागली हे मी नागपूरला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे लोकांच्या पोरांना कमी खायला सांगायचं?”

“तसं नाही गं,” मी म्हटलं. पण मग नेमकं कसं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नाही.

लग्न होऊन मी न्यू जर्सीत आले तेव्हा माझ्याकडे आहारशास्त्राची पदवी होती आणि नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला डिपेंडंट व्हिसा होता. त्या व्हिसावर काम करता येत नसे. अडीच वर्षं मी वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटमध्ये बसून काढली. सकाळी नवऱ्याला न्यूयॉर्कच्या ट्रेनसाठी स्टेशनवर सोडायचं आणि दिवसभर लायब्ररीतून आणलेली पुस्तकं वाचायची. मग ग्रीन कार्ड आलं. पुन्हा कॉलेज केलं, एका हॉस्पिटलात ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली, आणि दोन हजार तीनच्या सुमारास घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या मुलांच्या एका क्लिनिकमध्ये लागले. ज्या मुलांचं वजन उंचीच्या मानाने फार भराभर वाढत असे, त्यांना तिथले डॉक्टर आमच्याकडे पाठवत. मुलासोबत आईवडीलही येत.

आमच्या खोलीत बुटक्या खुर्च्या होत्या, एक वजनकाटा होता आणि एका टोपलीत प्लॅस्टिकचं जेवण होतं. ब्रोकोली, पिझ्झाचा तुकडा, कोंबडीची तंगडी, मटार. पोळी नव्हती. मी घरी पिवळसर फेल्टचं कापड गोल कापून एक पोळी केली आणि त्या टोपलीत टाकली. कामाच्या पहिल्या महिन्यात मी स्वतःहून केलेली तेवढी एकच गोष्ट. बाकी सगळं छापील होतं. ताटाचे चार भाग दाखवणारा कागद, सोड्यात किती साखर असते त्याचा कागद, टीव्ही किती वेळ पाहावा त्याचा कागद. मी ते समजावून सांगायची, आईवडील माना डोलवायचे, कागद घडी करून पर्समध्ये ठेवायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

माझी वरिष्ठ साठीला आलेली अमेरिकन बाई होती. हे काम ती पंचवीस वर्षं करत होती. एके दिवशी ती माझ्या खोलीत कोपऱ्यात येऊन बसली. समोर दहा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई होती. मी नेहमीसारखं सगळं समजावलं. त्या गेल्यावर वरिष्ठ म्हणाली, “तू छान बोलतेस. अर्धा तास बोललीस. त्या मुलीने त्यात एकच गोष्ट सांगितली. काय ते आठवतं?”

मला आठवेना.

“रात्री मी एकटीच जेवते, असं म्हणाली ती. तू ‘ओके’ म्हणालीस आणि भाज्यांकडे वळलीस.”

मला फार लाज वाटली. ती मला रागावली नाही. म्हणाली, “विचार, आणि मग थांब. मनात दहापर्यंत मोज. शांतता झाली की आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण बोलतो. मुलांना तेवढा वेळ लागतोच.”

त्यानंतर मी थांबायला शिकू लागले. आणि थोडंफार जमतंय असं वाटायला लागलं तेवढ्यात एक कुटुंब आलं.

मे महिना होता. बाहेर चांगलंच ऊन होतं, आणि नऊ वर्षांची ती मुलगी टोपीचं जाड जॅकेट घालून आत आली. मागे आई. आईने माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि तिचा चेहराच सैल झाला.

“तुम्ही मराठी? बरं झालं बाई. मला वाटलं आता इंग्लिशमध्ये वरण समजावून सांगावं लागणार.”

आम्ही दोघी हसलो. ती मूळची सोलापूरची. एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. नवरा मुंबईचा, तोही माझ्या नवऱ्यासारखाच न्यूयॉर्कला ट्रेनने जाणारा. या मुलीच्या पाठची अजून एक मुलगी होती, पाच वर्षांची. आईने पिशवीतून एक फाइल काढली. आत रंगीत छापलेला आलेख होता.

“दर रविवारी सकाळी आठ वाजता वजन करते मी हिचं. न चुकता. हे फ्रिजवर लावलेलं असतं.”

मी तो आलेख पाहिला आणि कौतुक केलं. एवढं काटेकोर काम कोण करतं? मुलगी टोपलीतली प्लॅस्टिकची तंगडी हातात घेऊन उलटसुलट पाहत होती.

“घरात गोड बंद केलंय,” आई सांगत होती. “भात बंद. स्विमिंगला घातलं. दुसरी पोळी मागितली तर ‘पुरे’ म्हणते. तरी वाढतंच आहे, ताई. आणि धाकटीच्या मागे मी वाटी घेऊन फिरते, ‘खा बाई, एक घास खा’, तर तिच्या अंगाला काही लागत नाही. माझं कुठे चुकतंय तेच कळत नाही.”

आपल्या भाषेत बोलायला मिळाल्याचा मला इतका आनंद झाला होता की महिनोन्‌महिने शिकलेलं सगळं मी विसरले. विचारणं विसरले, थांबणं विसरले. एखादी मावशी लग्नघरात बोलेल तशी बोलत सुटले. कणकेत नाचणी मिसळा, साबुदाणा टाळा, तेलाची बरणी ओट्यावरून हलवा. शेवटी त्या मुलीकडे वळले आणि म्हणाले, “चेहरा किती गोड आहे गं तुझा. थोडं वजन उतरलं ना, की बघ कशी सुंदर दिसशील.”

मुलीने तंगडी टोपलीत ठेवली आणि जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून घेतली. मला ते दिसलं. दिसूनही मी पुढची तारीख लिहून दिली.

त्या तारखेला त्या आल्या नाहीत.

त्या दिवशी घरी जाताना मला माझी मोठी बहीण आठवली. ‘वजन उतरलं की सुंदर दिसशील’ हे वाक्य माझं नव्हतंच. आमच्याकडे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत कोणीतरी माझ्या बहिणीची हनुवटी धरून तेच म्हणायचं. ती अंगाने भरलेली होती, मी काटकुळी. आई एकाच पंगतीत तिला “पुरे आता” म्हणायची आणि मला “संपवल्याशिवाय उठायचं नाही” म्हणायची. मोठी झाल्यावर बहीण लग्नांना यायचीच बंद झाली. तिला गर्दी आवडत नाही, असं आम्ही सगळे समजत होतो.

शनिवारी मी तिला फोन लावला. ती अमरावतीला शाळेत शिकवत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, “तुला लग्नात लोक जे बोलायचे, ते लागायचं का गं?”

ती म्हणाली, “तुला आज आठवलं?”

“उशीरच झाला,” मी कबूल केलं.

“मी लग्नात जेवायचेच नाही,” ती म्हणाली. “ताटात बोटं फिरवायचे. लोक बघतात ना, कोण किती घेतं. मग घरी येऊन, तुम्ही सगळे झोपलात की डब्यातले लाडू खायचे. आईला वाटायचं उंदीर झालेत.” ती हसली. मला हसू आलं नाही. मग तीच म्हणाली, “जाऊ दे. आता मी मजेत आहे. पण कुणा पोरीला असं काही बोलली असशील तर निस्तर.”

त्या मुलीबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, ती माझी बहीण म्हणूनच कळलं असणार.

सोमवारी मी वरिष्ठ बाईकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. “फोन कर,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“जे झालं ते.”

मी फोन केला. मुलीची आई आधी कामाची सबब सांगत होती, मग खरं बोलली. “तीच यायला तयार नाही, ताई. म्हणते, शी इज जस्ट लाइक द आंटीज.”

“तिचं बरोबर आहे,” मी म्हटलं. “मला तिची माफी मागायची आहे.”

“अहो, लहान मुलीची माफी कसली?”

“चूक मोठ्या माणसाने केली ना.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. या वेळी मी थांबले. “बघते,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

दहा दिवसांनी त्या आल्या. मुलगी त्याच जॅकेटमध्ये, दाराजवळच्या खुर्चीत बसली. मी माझी खुर्ची टेबलामागून काढून तिच्यासमोर ठेवली.

“मागच्या वेळी मी तुझ्या दिसण्याबद्दल बोलले. ते मी बोलायला नको होतं. सॉरी.”

तिने खांदे उडवले. “इट्स ओके. एव्हरीबडी सेज दॅट.”

“सगळे म्हणतात म्हणून ते ओके होत नाही.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग वजनकाट्याकडे पाहिलं. “आज वजन करायचंय?”

“तुला नको असेल तर नाही. आज नुसतं बोलू. तुझा आठवडा कसा असतो ते मला सांगशील? कुठला दिवस आवडतो, कुठला नाही, काहीही.”

मी मोजायला लागले. चारवर असताना आईने तोंड उघडलं, मी हाताने खूण करून तिला थांबवलं. सात, आठ. मुलगी जॅकेटच्या चेनशी खेळत होती.

“सॅटरडे आवडत नाही,” ती म्हणाली. “सॅटरडे नाइटला मी डिनर नाही खात. लाइक, थोडंसंच. कॉज संडेला वजन आहे.”

“मग रविवारी?”

“संडे आफ्टरनून इज द बेस्ट.” तिचा आवाज जरा मोकळा झाला. “वजन होऊन जातं, अँड द नेक्स्ट वन इज सो फार. सो तेव्हा मी सगळं खाते. आई ग्रोसरीला जाते तेव्हा. चिवडा, कुकीज, कोल्ड पोळीपण.”

ती हे एखाद्या हुशारीने सोडवलेल्या गणितासारखं सांगत होती. आणि गणित बरोबरच होतं. आठवड्यातून एकदा मोजणार असतील तर खायची सर्वात सुरक्षित वेळ कुठली, ते तिने शोधून काढलं होतं.

आई हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे शनिवारी पोट दुखतं म्हणायचीस, ते...”

मुलगी खाली पाहू लागली. मला वाटलं आता आई रागावेल. ती रागावली नाही. मांडीवरची आलेखाची फाइल तिने उचलली, दोन्ही हातांत धरून एकदा पाहिली आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिली.

“मला वाटायचं मी हिच्यासाठी करतेय,” ती म्हणाली.

“हिच्यासाठीच करत होता,” मी म्हटलं. “आता वेगळ्या तऱ्हेने करू.”

पुढच्या वेळी मी वडिलांनाही बोलावलं. ते ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आले. उंच, स्वतःही पोटाने सुटलेले, बोलायला मोजके. धाकटीही आली होती आणि प्लॅस्टिकचे मटार जमिनीवर ओळीत मांडत बसली होती.

मी त्यांना आमच्या कामातली एक जुनी, साधी विभागणी सांगितली. “ताटात काय असेल आणि जेवण किती वाजता, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. किती खायचं, हे मुलींनी.”

“दोघींनी?” आईने विचारलं.

“दोघींनी. एकीला ‘खा’ नाही आणि एकीला ‘पुरे’ नाही. टेबलावर जे असेल ते चौघांसाठी एकच. भातही, आणि सणाला गोडही.”

“धाकटी उपाशी राहील हो.”

“आणि मोठी किती खाईल याची लिमिट नाही?” वडील म्हणाले. “आणि वजन करायचं नाही म्हणता. मोजलं नाही तर प्रोग्रेस कळणार कसा?”

“वजन डॉक्टर बघतील, दर तीन महिन्यांनी. घरी मोजायचंच असेल तर दुसरं काहीतरी मोजा. चौघं एकत्र किती वेळा जेवलात ते.”

मग मी त्यांना आम्ही सगळ्यांनाच विचारत असू तो प्रश्न विचारला. “हे सगळं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा.”

“नऊ.”

“आणि संध्याकाळी जेवायला घरी पोचणं तुम्हाला जमेल असं किती वाटतं?”

ते ओशाळून हसले. “तीन. आठची ट्रेन असते माझी.”

“तीन का? शून्य का नाही?”

हा प्रश्न लोकांना उलटा वाटतो. जमणार नाही याची कारणं सांगायला माणूस तयार होऊन बसलेला असतो आणि त्याला जमण्याची कारणं शोधावी लागतात. त्यांनीही विचार केला. “फ्रायडेला घरून काम करतो मी. आणि वीकेंड आहेच. म्हणजे तीन दिवस तर होतील.”

“मग तीनपासून सुरू करा.”

मोठी मुलगी इतका वेळ ऐकत होती. तिने वडिलांना विचारलं, “अँड नो लॅपटॉप ऑन द टेबल?”

“नो लॅपटॉप,” वडील म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होती. “ताई, काल पाच पोळ्या खाल्ल्या तिने. वर भात. प्रत्येक पोळीला माझ्याकडे बघत होती. मी ओठ घट्ट मिटून बसले. हे बरोबर चाललंय ना?”

खरं सांगायचं तर आकडा ऐकून मीही धास्तावले. पाच पोळ्या आणि भात. पण वरिष्ठ बाईने मला हे आधीच सांगून ठेवलं होतं. “ती तुमची परीक्षा घेतेय,” मी म्हटलं. “तुम्ही खरंच बोलणार नाही ना, हे बघतेय. थोडे दिवस धीर धरा.”

“आणि धाकटी दोन दिवस नुसत्या दह्यावर आहे.”

“असू दे. टेबलावर बाकीचं असतंय ना?”

“असतंय.”

तिसऱ्या दिवशी धाकटीने स्वतःहून वरण मागितलं. मोठीच्या पोळ्या पाचावरून चारवर आल्या, पुन्हा पाचावर गेल्या. मी रोज घरी पोळ्या लाटताना त्या मुलीचा विचार करायची. तीनेक आठवड्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी आईचा आवाज वेगळाच होता.

“तिने आज अर्धी पोळी ताटात ठेवली. ‘आय अ‍ॅम फुल’ म्हणाली आणि खेळायला गेली. ताई, मी कितीतरी वेळ त्या अर्ध्या पोळीकडे बघत बसले.”

पोट भरलं हे तिला कळत होतं. इतकी वर्षं ते कळायला तिला कोणी उसंतच दिली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी त्यांना विचारलं, चौघांना मिळून काय करायला आवडतं? व्यायाम हा शब्द मी मुद्दाम काढला नाही. वडील म्हणाले, पिक्चर बघायला. धाकटी म्हणाली, पाण्यात दगड टाकायला. म्हणून ते कालव्याच्या कडेच्या पायवाटेवर जायला लागले. ती दगड टाकायची आणि बाकीचे चालायचे. पण मोठीच्या डोक्यात दुसरंच काही होतं. ती मला मोठं गुपित सांगावं तसं म्हणाली, “आईला बाइक येत नाही. अ‍ॅट ऑल.”

आई लाजली. “आमच्याकडे सायकल भावांना शिकवली. मी मागे कॅरियरवर बसायचे.”

“मी शिकवणार आहे,” मुलगी म्हणाली.

आमच्या स्टेशनचं पार्किंग आठवडाभर गाड्यांनी गच्च भरलेलं असतं आणि रविवारी सकाळी ओस पडलेलं असतं. तिथे तिने आईला सायकल शिकवली. मला हे सगळं नंतर कळलं, दोघींच्या तोंडून, एकमेकींना तोडत सांगितलेलं. वडील मागून सीट धरून पळायचे आणि दोन फेऱ्यांत धापा टाकत कट्ट्यावर बसायचे. मग मुलगी मागून पळायची. “डोंट लुक डाउन, आई. लुक अ‍ॅट द ट्रेन साइन.” आई दोनदा पडली. तिने पँट वर करून नडगीवरचं खरचटलेलं मला दाखवलं, इतक्या अभिमानाने की मी हात लावून पाहिलं.

“ती मागून पळते तेव्हा मला म्हणते, ‘यू आर डुइंग ग्रेट.’” आई म्हणाली. “मी तिला स्विमिंगला कधी असं म्हटलंच नाही. मी घड्याळ बघायचे.”

वडिलांनी त्या धापा मनावर घेतल्या आणि स्वतःची रक्ततपासणी करून घेतली. साखर काठावर निघाली. त्यांच्या वडिलांनाही मधुमेह होता. तेव्हापासून संध्याकाळचं जेवण आठवड्यात चार दिवस एकत्र होऊ लागलं. लवकरची ट्रेन त्यांना सापडली. ती आधीही होतीच.

डिसेंबरात ती चौघं भारतात गेली. जायच्या आधी आई घाबरलेली होती. “तिकडे सगळे बोलणार, ताई. आणि आग्रहही करणार. दोन्ही एकदम.” आम्ही तिघींनी मिळून सराव केला. मी सोलापूरची काकू झाले, त्यांनी उत्तरं द्यायची. मुलगी खूप हसली. पण सरावातलं आणि खरं यांत फरक असतो, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

जानेवारीत त्या परत आल्या, तेव्हा मुलगी पुन्हा थोडी मिटलेली वाटली. आईने काय झालं ते सांगितलं. सोलापूरला मामाच्या घरी जेवण चाललं होतं. मुलीने दाण्यागुळाची शेंगापोळी दुसऱ्यांदा घेतली. मामा सगळ्यांदेखत म्हणाला, “बास कर आता, दारातून मावणार नाहीस.” सगळे हसले. मुलीने पोळी खाली ठेवली.

“आणि मग?” मी विचारलं.

“मला राहवलं नाही,” आई म्हणाली. “तो मोठा भाऊ माझा. त्याला मी आजवर उलटून बोललेले नाही. पण म्हटलं, ‘दादा, पोट तिचं आहे, तिला कळतं. तिच्या ताटाबद्दल कोणी बोलायचं नाही.’ वहिनी बघतच राहिली. माझी आई म्हणाली, ‘अगं, गमतीने म्हणाला तो.’ मी म्हटलं, ‘ही गंमत तिला आवडत नाही. मलाही आवडायची नाही.’”

“मग मामा काय म्हणाले?”

उत्तर मुलीने दिलं. “ही गॉट सायलेंट. नंतर तो मला उसाच्या रसाच्या दुकानात घेऊन गेला. त्याने सॉरी नाही म्हटलं. पण त्याने मला विचारलं, ‘बर्फ किती हवा?’ लाइक, थ्री टाइम्स विचारलं.”

“आणि ती शेंगापोळी?”

“खाल्ली मी,” ती म्हणाली. “इट वॉज रिअली गुड.”

वसंतात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. वजन उतरलं नव्हतं. पण आमच्याकडे येण्याआधी वर्षभर जे उसळी मारत वर चाललं होतं, ते जवळपास जागच्या जागी थांबलं होतं आणि मधल्या काळात ती चांगलीच उंच झाली होती. डॉक्टरांनी आईवडिलांना वाढीच्या तक्त्यावरची रेष दाखवली. चढण संपून सपाटी लागावी तशी ती दिसत होती. “असंच चालू द्या,” एवढंच ते म्हणाले. आणखी काहीतरी मोठं ऐकायला मिळेल, असं वडिलांना वाटलं असावं. आईला मात्र समजलं. ते जाड जॅकेट शाळेत कुठेतरी हरवल्याचं तिने मला त्याच दिवशी सांगितलं. “मी शोधायला सांगितलं नाही,” ती म्हणाली.

सगळं नंतर सुरळीत झालं असं नाही. सहावीत गेल्यावर शाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत मुली काहीतरी बोलल्या, आणि दोन महिने ती पुन्हा दुपारचं जेवण टाळू लागली. पण या वेळी ते आईला तिने स्वतः सांगितलं, आणि आमच्या क्लिनिकातल्या मानसोपचार करणाऱ्या सहकारी बाईकडे ती काही काळ जात राहिली. इतर कुटुंबांचंही असंच, कुठे जमलं, कुठे नाही. काही जण दोनदा येऊन गेले आणि मला त्यांचं पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. तरी त्या वर्षानंतर मी छापील कागद आधी काढले नाहीत. कोणी मागितले तरच द्यायची.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नवऱ्याला टेक्ससमध्ये काम मिळालं आणि आम्ही फ्रिस्कोला जायचं ठरवलं. सामान बांधायच्या गडबडीत मी नवऱ्याबरोबर इंडियन ग्रोसरीत गेले होते. भाजीच्या रांगेत एक उंच, रुंद खांद्यांची मुलगी भेंड्या निवडत होती. मोडून बघत होती, कडकन तुटली तर पिशवीत, नाहीतर परत. पलीकडे धाकटी सायकलचं हेल्मेट डोक्यावरच ठेवून उभी होती. आई मसाल्यांच्या बाजूने आली आणि मला पाहून थबकली. मी नुसतं हसले. क्लिनिकबाहेर कोणी भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, असा आमचा नियम असतो.

ओळख मुलीनेच दाखवली. “मावशी,” ती म्हणाली, “मी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये सिलेक्ट झाले. ट्रॉम्बोन. इट्स सो हेवी. ऑगस्टभर उन्हात प्रॅक्टिस आहे.”

“आणि भेंडी?” मी विचारलं.

“आज माझा टर्न आहे कुकिंगचा. आईची चिकट होते.”

“खोटं बोलते,” आई म्हणाली, पण हसत. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “तुम्ही चाललात असं क्लिनिकात कळलं. जिथे जाल तिथे असंच करा, ताई.” मी तिच्या दंडाला हात लावला.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, “कोण गं त्या?”

“ओळखीच्या,” मी म्हटलं. याहून जास्त मला सांगता येत नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. त्याने गाडी सुरू केली. मला त्या क्षणी अमरावतीला बहिणीला फोन करावासा वाटत होता, पण तिकडे अजून उजाडायचं होतं. मी घरी जाऊन दुधी चिरायला घेतला आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून बसले.